उजवा कान आणि चुन्याची रेघ

घेरी येणाऱ्या माणसाला लोक दोन सल्ले देतात. लिंबूपाणी घे आणि पडून राहा. मला हे दोन्ही सल्ले पोटभर मिळाले. लिंबूपाण्याने काही बिघडलं नाही. पडून राहण्याने माझा दीड महिना खाल्ला, आणि त्यात माझ्या घरच्यांचा हात होता, आणि माझाही होता. कोणाला हा आजार झाला तर त्याचा दीड महिना वाचावा, एवढ्यासाठी हे लिहून काढतो आहे. मी डॉक्टर नाही. गोंदियाजवळच्या गोरेगावात माझं मोटरसायकलींचं गॅरेज आहे, त्यामुळे समजावताना मधेमधे नट-बोल्ट येतील, ते चालवून घ्यावं.

आधी मी काय करायचो

आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. पाळणे, जिलेबी, नाचगाण्याची दंडार, नाटक, आणि लेकी-जावयांची गर्दी. गेली अकरा वर्षं त्यातल्या दहा-बारा मंडयांमध्ये माझा खेळ असायचा. गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या आखरावर दोनशे पावलांची चुन्याची रेघ मारायची, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी. मी मोटरसायकलचं पुढचं चाक उचलायचो आणि मागचं चाक त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचो. आमच्याकडे याला 'गाडी उभी करणे' म्हणतात. व्हीली हा शब्द मोबाइलमधून नंतर आला.

शहरातली पोरं कोण किती लांब गेला ते बघतात म्हणे. आमच्या लोकांना लांबीचं कौतुक नाही. जन्मभर भाताच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोक्यावर भारे घेऊन चालणारी माणसं ती, त्यांना कौतुक सरळ जाण्याचं. खेळ संपला की गावातली चार वडीलधारी माणसं येऊन माझं मागचं टायर तपासायची. चुन्याचा पट्टा टायरच्या बरोबर मधोमध असेल तर मान हलवायची. कडेला लागला असेल तर म्हणायची, "कलला होतास गा."

मी क्वचितच कललो. याचा मला गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

पुढचं चाक हवेत असताना गाडी वळवायची कशी, हे मला हजार वेळा विचारलं गेलं आहे. हँडल तेव्हा जवळपास निकामी असतं. पुढचं चाक फिरत असेपर्यंत गाडी हँडलच्या हलवण्याला थोडं ऐकते, चुकून पुढचा ब्रेक दाबून ते थांबवलं तर तेवढंही नाही. खरं काम गुडघे, कंबर आणि पायदान करतात. टाकी दोन्ही गुडघ्यांत धरायची. गाडी उजवीकडे जाऊ लागली तर डाव्या पायदानावर भार द्यायचा, तोही हळू. उजवा पाय मागच्या ब्रेकवर कायम, कारण गाडी मागे पडायला लागली तर तोच एक वाचवणारा. नजर लांब, एखाद्या झाडाच्या शेंड्यावर. उतरवताना हँडल सरळ, आणि थोडा एक्सलेटर देऊन चाक अलगद टेकवायचं. पोरांना मी नेहमी सांगायचो, सगळं गुडघ्यात आहे. अकरा वर्षं मी हेच सांगत आलो. ते चूक होतं हे मला माझ्या आजाराने सांगितलं.

ती सकाळ

आठवडाभर सर्दी होती. सर्दीला कोण विचारतो. सकाळी गॅरेजचं शटर वर केलं, एका गाडीची चेन ताणायला खाली वाकलो, आणि दुकान फिरायला लागलं. फिरायला लागलं म्हणजे खरोखर फिरायला लागलं. भिंतीवरचे पाने, टांगलेल्या ट्यूब, दार, सगळं एका बाजूने सरकत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सरकायचं. मी उभा राहायला गेलो आणि उजवीकडे आडवा झालो. ऑइलच्या डब्यासकट.

नरेश माझा गॅरेजमधला भागीदार. आम्ही एका वर्गात नापास झालेले. तो चहा घेऊन आला तेव्हा मी जमिनीवर होतो आणि ओकत होतो.

"का गा, सकाळी सकाळीच मारून आला का?" तो म्हणाला.

समोरच्या खताच्या दुकानातले, पलीकडच्या टेलरकडचे, सगळे जमले. सगळ्यांचं निदान एकच. मी बोलायला तोंड उघडलं की उलटी, त्यामुळे बचावही करता येईना. माझी बायको ममता आली, तिने माझ्या तोंडाजवळ नाक नेलं आणि उठून सगळ्यांना सांगितलं, "दारूचा वास नाही येऊन राहिला. आता हात लावा अन उचला."

तिने वास घेऊन पाहिला, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही थोडं वाटतं. तरी त्या वेळी माझी बाजू घेणारी तीच एक होती.

जवळच्या दवाखान्यात बाटली लावली. आमच्याकडे काहीही झालं तरी आधी सलाइनची बाटली लागते, आणि बाटली लागली म्हटलं की नातेवाईक निम्मे निर्धास्त होतात. अशक्तपणा आहे, असं सांगितलं गेलं. दुपारपर्यंत बाटली संपली, अशक्तपणा गेला असेल, पण खोली फिरायची थांबली नाही. मी डोळे मिटून पडलो होतो आणि मनात एकच शब्द होता. लकवा. माझे वडील लकव्याने गेले. ममताच्या मनातही तोच असावा, ती सारखी मला हात उचलायला सांगत होती. आधी डावा, मग उजवा.

निदान

संध्याकाळी मला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला तोवर कोणीही न विचारलेला प्रश्न विचारला. तिथे अर्धं बोलणं हिंदीत चालतं. "घेरी मतलब क्या? डोळ्यापुढे अंधारी येते, की घर फिरते?"

"घर फिरते."

"और आप गिरते किस तरफ हो?"

"उजवीकडे. दरवेळी उजवीकडेच."

त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, त्यांच्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं आणि डोकं झटकन वळवलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उजवीकडे वळवलं तेव्हा माझी नजर त्यांच्या नाकावरून निसटली आणि मग परत आली. मला ते जाणवलं. बेअरिंग गेलेलं चाक हाताने हलवून बघतात तसं त्यांनी मला हलवून बघितलं होतं. मेंदूचा फोटोही काढला, तो स्वच्छ निघाला. उजव्या कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, ती सर्दीच्या विषाणूने सुजली होती.

"पण मले ऐकू तं चांगलं येते," मी म्हणालो.

"ऐकायची नस वेगळी, तोलाची वेगळी. सूज उतरेल. पण नस पूर्ण भरून येईल की नाही, सांगता येत नाही. नाही आली तर बाकीचं शरीर तिचं काम शिकून घेतं."

लकवा नाही हे कळल्यावर मी रडलो. सरळ सांगतो, हमसून रडलो, आणि रडताना डोकं हललं म्हणून पुन्हा ओकलो.

ममताने विचारलं, गाडी चालवता येईल का. डॉक्टर म्हणाले, येईल, दोन-तीन महिन्यांनी, आम्ही तपासून सांगू तेव्हा. "तोपर्यंत गाडी उभीच ठेवायची, समझे?"

ममताला हसू फुटलं. डॉक्टरांना कळेना काय झालं. मी पलंगावर डोळे मिटून पडलेला, तरी मलाही हसू आलं. त्या आठवड्यातलं ते पहिलं.

ती वेळ होती खरं सांगायची. मी एका चाकावर गाडी चालवतो, ते मला पुन्हा करता येईल का, एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही. चाळिशीला आलेला बाप्या, दोन लेकरांचा बाप, डॉक्टरला कोणत्या तोंडाने सांगणार? ममताने माझ्याकडे बघितलं. मग ती कागद आवरायला लागली.

वॉर्डातले चार दिवस

फिरणाऱ्या खोलीत राहायचं तर एखादी गोष्ट नजरेने घट्ट धरावी लागते. मी भिंतीवरचा एक खिळा धरला. पण भिंत फार जवळ होती, आणि जवळची वस्तू जास्त नाचते. गाडी उभी करतानाही तसंच, जवळ बघितलं की गाडी डुलते. मला लांबचं काहीतरी हवं होतं आणि वॉर्डात लांब असं काही नव्हतं.

खिडकीजवळच्या पलंगावर देवरीकडचे एक म्हातारे होते, कानाचं ऑपरेशन झालेले. डोक्याभोवती एवढी मोठी पट्टी. ममता त्यांच्याशी बोलत बसायची, म्हणजे ओरडत बसायची, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. माझ्या खिळ्याचं तिने त्यांना असंच ओरडून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते उठले, स्वतःची पिशवी, तांब्या, चादर गोळा केली आणि माझ्या पलंगाशी उभे राहिले.

"मले भिंत अन खिडकी सारखीच. तू जाय तिकडे."

सिस्टर रागावल्या, पलंगांचे नंबर लिहिलेले असतात म्हणाल्या, मग त्यांनीच चिठ्ठ्या बदलल्या. खिडकीतून लांबवर पाण्याची टाकी दिसायची. मी तीन दिवस त्या टाकीकडे बघून काढले. सकाळी सहाला थर्मामीटर, आठला चहा, दहाला डॉक्टर, आणि मधला सगळा वेळ टाकी. तिसऱ्या दिवशी टाकी जागेवर राहायला लागली. माझं डोकं स्थिर असेल तरच, पण राहायला लागली.

आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांनी पलंगाच्या पायथ्याशी उभं राहावं, बाजूला नाही. बाजूला उभं राहिलं की मान वळवावी लागते. हे मी कोणालाच सांगू शकलो नाही म्हणून इथे सांगतो.

घेरी आलीच पाहिजे

घरी पाठवताना डॉक्टरांनी घेरीची गोळी बंद केली. चार दिवस दिली ती उलट्या थांबाव्यात म्हणून, आता घ्यायची नाही, असं बजावलं. आणि तोलाचे व्यायाम शिकायला एका मॅडमकडे पाठवलं. त्या नागपूरच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. माणूस तीन गोष्टींवर उभा राहतो. डोळे, पायांचे तळवे आणि कान. तुमचा एक कान खोटं बोलतो आहे. मेंदूला ते खोटं ओळखता आलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याला चुकू द्यावं लागतं.

"रोज घेरी आली पाहिजे. आली नाही तर समजायचं व्यायाम झालाच नाही. आणि गोळी घेतली तर मेंदू झोपतो, शिकत नाही."

अंगठा डोळ्यांसमोर धरून मान हलवायची. चालताना डावीकडे-उजवीकडे बघायचं. शेवटी गादीवर उभं राहायचं, पाय जोडून, डोळे मिटून, भिंतीच्या कोपऱ्यात, म्हणजे पडलो तरी भिंत धरते. हे शेवटचं करताना मी दरवेळी उजव्या भिंतीवर जायचो. मॅडम म्हणाल्या, डोळे बंद, पायाखाली मऊ, आता फक्त कान उरला. म्हणून पडता.

आमच्या घरात हे सगळं सांगणं म्हणजे एक कामच होतं. माझी माय म्हणजे आई, सत्तरीची, अजून भाताच्या रोवणीला बांधीत उतरणारी. तिच्या आयुष्यात आजारी माणसाने निजायचं असतं आणि बाकीच्यांनी त्याला पेज पाजायची असते. मी अंगणात मान हलवत चालायचो, डुलायचो, भिंत धरायचो, कधी ओसरीच्या खांबाला मिठी मारायचो. माय बघायची आणि तोंड फिरवायची.

"बरा होऊन राहिला का बिघडून राहिला तू?" ती विचारायची.

"बरा होऊन राहिलो."

"दिसत तं नाही."

खरंच दिसत नव्हतं. पहिला आठवडा फरक पडला. मग थांबला. मी व्यायाम करायचो, पण अंगात दिवसभर झोप. घेरी फार येत नव्हती, आणि चालणंही सुधारत नव्हतं. नदीत नाव एका जागी थांबावी तसं. एक महिना गेला, दुसरा निम्मा गेला. मॅडमनी माझे डोळे बघितले आणि विचारलं, गोळी घेता का?

"नाही."

"खरं सांगा. रागावणार नाही."

मला फार राग आला. मी त्यांना थोडं तोडून बोललो. घरी येईपर्यंत भाड्याच्या गाडीत बडबडत होतो, की या नागपूरवाल्यांना आमच्यासारख्यांवर विश्वासच नसतो. ममता पुढे चालवणाऱ्याशेजारी बसून ऐकत होती.

पेज

ममतानेच शोधलं. मायच्या सुपारीच्या बटव्यात त्याच घेरीच्या गोळ्यांची पाकिटं होती. माय डॉक्टरांनी लिहून दिलेला माझा जुना कागद घेऊन औषधांच्या दुकानात जायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी वाटून माझ्या तांदळाच्या पेजेत टाकायची. पेज जरा कडू लागायची. मी समजलो होतो की आजाराने माझी चव गेली.

मी मायला विचारलं. तिने नाकारलं नाही.

"तू भिंती धरून चालून राहिला होता. गोळी दिली का चांगला निजत होता. निजल्या माणसाले घेरी नाही येत."

"मले इचारायचं तं होतं."

"इचारलं असतं तं घेतली असती का?"

"नाही."

"मंग?"

माझे सहा आठवडे पेजेत विरघळले होते आणि ते करणारीने ते मायेने केलं होतं, त्यामुळे भांडायलाही नीट जागा नव्हती. मी तीन दिवस मायशी बोललो नाही. ती माझ्यासमोर ताट ठेवायची आणि स्वतः पहिला घास खाऊन दाखवायची, पाहा, काही घातलं नाही म्हणून. ते बघणं माझ्या आजारातलं सगळ्यात कठीण होतं. घेरी परवडली.

चौथ्या दिवशी ममता म्हणाली, "तुमी डॉक्टरले सांगितलं का, का तुमी गाडी उभी करता म्हणून?"

"नाही."

"मॅडमले?"

"नाही."

"मंग मायनं लपवलं तं तुमाले एवढा राग काऊन येते?"

मी त्या दिवशी मायच्या हातची पेज घेतली. पुढच्या वेळी मॅडमना माफी मागून पेजेचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, अशी ही पहिली आई नाही. गाडीचं मात्र त्या दिवशीही बोललो नाही. एका दिवसात किती खरं बोलणार.

दोन चाकं

गोळी थांबली आणि घेरी परत आली, दणक्यात. पण आता ती रोज थोडी कमी व्हायची. तीन आठवड्यांत भिंत सुटली. मग अंगण, मग रस्ता, मग आठवडी बाजारातली गर्दी. गर्दी फार अवघड जाते, सगळं एकदम हलतं. तिथे लांबच्या झाडाकडे बघत चालावं, आणि ममतासारखं कोणी असेल तर त्याच्या खांद्याला एक बोट लावून. हात धरायची गरज नाही. एक बोट पुरतं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी तपासून गाडी चालवायची परवानगी दिली. उजव्या कानाची नस फारशी भरून आली नव्हती, पण डोळ्यांनी आणि पायांनी तिचं काम उचललं होतं. मी गोरेगावपासून आमच्या वाडीपर्यंत गाडी चालवत गेलो. सरळ गेलो. वळणं घेतली. लोक हात करत होते. मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

इथपर्यंत वाचून कोणाला धीर आला असेल तर तो खरा आहे. बहुतेक लोकांसाठी गोष्ट इथेच संपते आणि चांगली संपते.

आखर

दिवाळी आली तसे मंडईचे फोन यायला लागले. नरेशने पहिली मंडई परस्पर कबूलही करून टाकली, देवरीकडच्या एका गावाची. मी म्हणालो, आधी करून बघू. एका सकाळी मी, ममता आणि नरेश आखरावर गेलो. कोणी नव्हतं. नरेशने दोरी ताणून चुन्याची रेघ मारली. मी हेल्मेट, गुडघ्याच्या ढाली, सगळं घातलं, आणि गाडी रेघेवर आणली.

क्लच सोडला, पुढचं चाक उठलं, आणि अकरा वर्षांची ती जागा लगेच सापडली, जिथे गाडी ना पुढे पडते ना मागे. गुडघ्यांना आठवत होतं. कमरेला आठवत होतं. समोर फक्त दिवा, मडगार्ड, झाडाचा शेंडा आणि आभाळ. ब्रेकवर पाय हलका. गाडी तीरासारखी सरळ चालली होती. मी टोकाला चाक इतकं अलगद टेकवलं की आवाजही झाला नाही. हेल्मेटच्या आत मला रडू आलं. वर्षभरात एवढा आनंद झाला नव्हता.

मग मी मागे वळून बघितलं.

ममता रेघेच्या टोकाशी नव्हती. ती मधेच थांबली होती आणि खाली बघत होती. माझ्या चाकाची खूण निम्म्या वाटेपर्यंत रेघेवर होती, आणि तिथून ती निघून उजवीकडे गेली होती. झटका नाही, डुलणं नाही. मोठ्या रस्त्याचं वळण असतं तशी सावकाश.

"किती?" मी विचारलं.

तिने टोकाशी येऊन रेघेपासून पावलं मोजली. "चार."

पुन्हा केलं. मुद्दाम डाव्या पायदानावर भार दिला. तरी पाच पावलं. तिसऱ्यांदा तीन. प्रत्येक वेळी मला सरळ वाटलं होतं. वाटलं होतं म्हणजे, कोणी देवावर हात ठेवायला लावून विचारलं असतं तरी मी सरळ म्हणालो असतो.

तिथे चुन्यात बसून मला गादी आठवली. पुढचं चाक वर गेलं की रस्ता दिसत नाही, म्हणजे डोळे निम्मे बंद. पाय थरथरत्या पायदानावर, म्हणजे तळव्यांना जमीन नाही. उरतो फक्त कान. अकरा वर्षं मी ज्याला गुडघे म्हणत होतो तो कान होता. गुडघे नुसते हुकुमाचे ताबेदार.

नरेश रेघेकडे बघत विचार करत होता. तो मेकॅनिक आहे, त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय सुचतो. "असं करू," तो म्हणाला, "रेघच जराशी उजवीकडे वाकडी मारू. कोण दोरी लावून पाहून राहिलं?"

आम्ही तिघंही हसलो. मग मी त्याला विचारलं, मंडईत लोकांसाठी दोरी कुठे बांधतो आपण?

"उजव्या बाजूनं."

"किती लांब?"

तो हातातली दोरी गुंडाळायला लागला. रेघेपासून तीन पावलांवर बांधतो. लहान पोरांना पुढे बसवतात, मागे बसली तर त्यांना दिसत नाही म्हणून.

नरेशने तिथूनच गावाला फोन लावला. मी तो बोलेपर्यंत दुसरीकडे बघत बसलो. वाईट वाटलं का, असं ममता विचारते. वाटलं. अजून वाटतं. दोन चाकांवर मी आज कुठेही जातो, मान वळवून बोलतो, बाजारात फिरतो, आणि या आजारातून एवढं परत मिळणं काही कमी नाही, हे मला कळतं. कळणं आणि वाटणं या दोन वेगळ्या नसा असाव्यात.

घरी आलो तेव्हा माय अंगणात धान वाळवत होती. नरेशने आमच्याआधी येऊन तिला सांगितलं होतं.

"काय गा, मंडईले नाही जाऊन राहिला का?"

"जाऊ ना. सगळेच जाऊ. गाडीचा खेळ नाही करत."

"काऊन?"

"वाकडी जाते, माय."

ती पायाने धान पसरत राहिली. मग माझी बाजू घ्यायची म्हणून म्हणाली, "चार पावलं तं. कोनाले दिसन?"

"सगळ्याइले दिसते," मी म्हणालो. "मलेच दिसत नाही."